नावाची पत

नागपूरहून अमरावतीकडे येताना तिवसा मागे पडले की थोड्याच वेळात मोझरी लागते. महामार्गाच्या एका अंगाला गुरुकुंज आश्रम आणि समोरच्या अंगाला राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची समाधी. तेथून पुढे वऱ्हाडात कुठल्याही तालुक्याच्या गावी जा, बाजाराच्या ओळीत एखादी तरी पाटी अशी दिसतेच की जिच्यावर गुरुदेव हे नाव आहे. दुकान किराण्याचे असेल, शिवणकामाचे असेल, मोटार रिवाइंडिंगचे असेल किंवा फवारणी पंपाच्या दुरुस्तीचे. मालकाचा आडनाव-गोत्राशी काही संबंध नाही, धंद्याशी तर नाहीच नाही. तरीही त्याने पाटी रंगवताना हेच नाव घातले. का घातले?

श्रद्धा हे एक उत्तर आहे आणि ते खरेही आहे. पण पुरते नाही. श्रद्धा देव्हाऱ्यात मावते, तिला पाटीची गरज नसते. पाटीवर आपण जे लिहितो ते गिऱ्हाइकासाठी. नव्याने धंदा मांडणाऱ्या माणसाकडे हत्यार असते, हुन्नर असते, थोडेफार भांडवल असते, पण पत नसते. ती त्याला कोणाकडून तरी उसनी घ्यावी लागते. वऱ्हाडातला छोटा धंदेवाला ती गुरुकुंजाकडून उसनी घेतो. आजकाल या गोष्टीला ब्रँड म्हणतात आणि तो घडवून देणाऱ्या कंपन्या शहरात भरपूर फी आकारतात. ज्या माणसाच्या नावावर ही उसनवारी चालते त्याने मात्र कुणा जाहिरातवाल्याचे तोंड पाहिले नव्हते. एका अगदी हलक्या नावाला एवढी पत आली कशी, हे पाहायचे तर त्याचे आयुष्य पहिल्यापासून पाहायला हवे.

शिवणकाम करणाऱ्याच्या घरी

तुकडोजींचा जन्म ३० एप्रिल १९०९ रोजी अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी झाला. पाळण्यातले नाव माणिक, आडनाव इंगळे. वडील बंडोजी शिवणकाम करीत, आई मंजुळाबाई. घरात दारिद्र्य होते आणि ते लपवण्याइतकीही ऐपत नव्हती.

तो काळ गावच्या कारागिरांसाठी मोठ्या पडझडीचा होता. वऱ्हाडात रेल्वे येऊन चार दशके उलटली होती, कापसाच्या पेठा आणि जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले होते, नागपूरच्या एम्प्रेस मिलचे कापड १८७७ पासून निघत होते. गिरणीचे सूत आले तसा कोष्टी मागे पडला, कारखान्याचे पत्र्याचे डबे आले तसा कुंभार मागे पडला. शिंप्याचे काम मात्र टिकले, कारण कापड कुठूनही आले तरी ते अंगाबेतात कापून शिवावे लागतेच. सिंगरचे शिलाई यंत्र हप्त्यांवर मिळू लागले होते आणि खेड्यातल्या शिवणाऱ्याच्या हाती आलेले ते बहुधा पहिलेच यंत्र असावे.

बलुतेदारीत कारागिराला पाटीची गरज नव्हती. त्याचे गिऱ्हाईक जन्माने ठरलेले, त्याचा मोबदला सुगीला खळ्यावर ठरलेला. सुताराला सुतार म्हणूनच हाक मारली जाई, त्याचे स्वतःचे नाव घराबाहेर फारसे चालत नसे. म्हणजे त्याला ओळख होती, पण ती जातीची होती. आणि ती नेहमी चांगलीच असे असेही नाही. सोनार, शिंपी आणि कुलकर्णी यांच्या संगतीपासून सावध करणारी म्हण मराठीत आहेच. शिंप्याने कापड मारायचेच आणि सणाचे कपडे सण उलटल्यावर द्यायचे, हे लोकांनी गृहीत धरलेले. एखादा शिंपी चोख असला तरी म्हणीतून सुटका नाही. बलुतेदारी मोडली तेव्हा बांधलेले गिऱ्हाईक गेले, खळ्यावरचे धान्य गेले, आणि मागे राहिली ती फक्त म्हण. यापुढे कारागिराला स्वतःच्या नावावर उभे राहायचे होते आणि त्याच्याजवळ नाव नव्हते.

अशा घरातला हा मुलगा. शाळा तीन-चार इयत्तांपलीकडे गेली नाही. वरखेडच्या आडकोजी महाराजांकडे ओढ लागली आणि तेथेच बसून राहू लागला. माणिकचे तुकड्या झाले ते त्यांच्याच तोंडून. पुढे प्रत्येक भजनाच्या अखेरीस हीच मुद्रा येऊ लागली.

रत्नाचे नाव टाकून तुकड्याचे घेणे, हा व्यवहार जाहिरातीच्या कोणत्याही शास्त्राला उलटाच वाटेल. धंदा मांडणारा माणूस नावात श्री, महा, राज, सुपर असे काहीतरी घालतो. तुकडा म्हणजे भाकरीचा तुकडा, कापडाचा तुकडा. ज्याच्या घरात दिवसभर कात्री चालते त्याला तुकड्याची किंमत ठाऊक असते. तो फेकायचा नसतो, गोधडीला लागतो. महाराजांनी हे नाव आयुष्यभर बदलले नाही. पुढे लोकांनी मागे जी लावले, महाराज लावले, राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांनी राष्ट्रसंत म्हटले. या साऱ्या पदव्या बाहेरून आल्या. स्वतःची सही मात्र तुकड्यादास हीच राहिली.

वऱ्हाडाची ही तऱ्हाच म्हणावी लागेल. याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे डेबूजी जानोरकर डोक्यावर फुटके गाडगे घालून फिरले आणि गाडगेबाबा झाले. एकाने मडक्याचे खापर घेतले, दुसऱ्याने तुकडा. दोघे समकालीन, दोघांचा एकमेकांवर जीव. दोघांनीही ज्या वस्तूला बाजारात मोल नाही तीच आपली खूण केली. तिची नक्कल करून कोणाला काही मिळण्यासारखे नव्हते, हेही त्यातले एक मर्म होते.

एका हातात मावणारे हत्यार

गाडगेबाबांचा खराटा, तशी तुकडोजींची खंजिरी. लाकडी कडे, एका बाजूने मढवलेले कातडे, कडेला पत्र्याच्या चकत्या. एवढेसे वाद्य. कीर्तनकाराला पेटी लागते, तबला लागतो, टाळकरी लागतात, त्यांना जेवू घालणारा यजमान लागतो आणि बिदागी लागते. खंजिरीवाल्याला यातले काहीच नको. तो एकटा निघू शकतो, पायी जाऊ शकतो, झाडाखाली उभा राहून सुरुवात करू शकतो. गिऱ्हाइकाच्या दारी जाऊन काम करणाऱ्या प्रत्येक माणसाला हे पटेल. पिशवी जितकी हलकी तितका माणूस लांब पोचतो.

तरुणपणी महाराजांनी रामटेक, सालबर्डी, रामदिघी आणि चिमूरकडच्या गोंदोड्याच्या जंगलात दिवस काढले. ती साधनेची वर्षे. त्यांच्याबद्दल चमत्काराच्या कथा सांगितल्या जातात, पण महाराजांनी पुढे ग्रामगीतेत संतचमत्कारांवर एक सबंध अध्याय लिहून या कथांच्या व्यापाराला स्वतःच आळा घातला आहे. तेव्हा आपणही त्या बाजूला ठेवू. नोंद घ्यायची ती याची की जंगलातून बाहेर आलेला हा तरुण गावोगाव खंजिरीवर भजने म्हणत फिरू लागला आणि लोक जमू लागले. भजने सोपी होती, कधी मराठीत, कधी हिंदीत, चाली कानावर बसलेल्या. विषय मात्र नेहमीचे नव्हते. दारू, कर्ज, अस्पृश्यता, हुंडा, घाण, आळस. देवाचे नाव घेऊन बसलेल्या माणसाला महाराज त्याच्याच गावच्या उकिरड्याकडे बघायला लावीत.

१९३५ साली सालबर्डीच्या डोंगरात त्यांनी महायज्ञ केला. तीन लाखांवर माणसे जमली असे सांगतात. आकडा सोडून दिला तरी एवढे खरे की पंचविशीतल्या एका फकीर माणसाच्या शब्दावर वऱ्हाड आणि मध्य प्रांतातून गर्दी डोंगरात लोटली. अशा वेळी बहुतेकांचे पाऊल घसरते. गर्दी हीच आपली मिळकत वाटू लागते आणि मग दर वर्षी तिच्याहून मोठी गर्दी जमवावी लागते. महाराजांनी उलट केले. त्याच वर्षी ते मोझरीला स्थिरावले आणि तेथे गुरुकुंज आश्रम उभा केला.

फिरस्त्याला पत्ता मिळाला, ही लहान गोष्ट नाही. फिरत्या कारागिराबद्दल गिऱ्हाइकाची पहिली शंका हीच असते की काम बिघडले तर याला शोधायचे कोठे. कल्हईवाला आला, कल्हई करून गेला, आठ दिवसांत ती उडाली, पुढच्या वर्षापर्यंत त्याचे दर्शन नाही. मोझरी हा पत्ता निवडतानाही व्यवहार दिसतो. जागा शहरात नाही, पण आडरानातही नाही. नागपूर-अमरावतीच्या वाहत्या रस्त्यावर, चारही बाजूंच्या खेड्यांना बैलगाडीने गाठता येईल अशी. पाहता पाहता आश्रमाचे नाव गावाला चिकटले आणि मोझरीची गुरुकुंज मोझरी झाली.

सेवाग्रामचा एक महिना

१९३६ साली गांधीजींनी त्यांना सेवाग्रामला बोलावून घेतले. तेथे त्यांचा सुमारे महिनाभर मुक्काम झाला. ज्या दिवसांत ते तेथे होते ते दिवस वर्ध्याच्या परिसरात मोठ्या घडामोडीचे होते. अखिल भारत ग्रामोद्योग संघ १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झाला होता आणि मगनवाडीत जे. सी. कुमारप्पा तेलघाणी, हातकुटाई, कागद, गूळ, मधमाशा अशा लहान उद्योगांचा हिशेब नव्याने मांडत होते.

खादीच्या चळवळीला एव्हाना एक रोकडी अडचण भेटली होती. खादीला मान मिळू लागताच गिरणीचे जाडेभरडे कापड खादी म्हणून विकले जाऊ लागले. तेव्हा १९२५ साली निघालेल्या चरखा संघाने भांडारांना प्रमाणपत्रे देण्याची पद्धत ठेवली. ज्याच्याकडे प्रमाणपत्र त्याची खादी खरी. स्वातंत्र्यानंतर अनेक दशकांनी, २०१३ मध्ये, सरकारने खादी मार्क आणला तोही याच दुखण्यावर. नाव मोठे झाले की नक्कल येणारच, आणि नक्कल आली की खऱ्याला स्वतःचा पुरावा द्यावा लागणारच.

या मुक्कामाने महाराज बदलले असे म्हणण्यापेक्षा त्यांच्या जवळ जे होते त्याला चौकट मिळाली असे म्हणणे योग्य होईल. भजनाने माणूस तासभर हलतो. सकाळी उठल्यावर त्याने नेमके काय करायचे हे कोणीतरी सांगावे लागते. खंजिरीच्या जोडीला आता खराटा, चरखा, व्यायाम आणि प्रार्थना आली.

नावाची किंमत

नावाला पत आहे की नाही हे सुखाच्या दिवसांत कळत नाही. १६ ऑगस्ट १९४२ रोजी चिमूर आणि आष्टी येथे लोक उठले. त्याआधी महाराजांचा त्या भागात संचार झाला होता, त्यांची भजने घराघरांत पोचली होती. सरकारने २८ ऑगस्टला त्यांना चांद्याला पकडले आणि नागपूर व रायपूरच्या तुरुंगांत सुमारे शंभर दिवस ठेवले. भजन म्हणणाऱ्याला पकडावे लागले, यातच त्या भजनांचे वजन सरकारी तराजूतही भरल्याची कबुली होती.

सुटून आल्यावर ते पुन्हा एकटेच खंजिरी घेऊन निघाले असते तर कोणी दोष दिला नसता. पण १९४३ साली त्यांनी अखिल भारतीय श्रीगुरुदेव सेवामंडळाची उभारणी केली, आश्रमात छापखाना आणला आणि मासिक काढले. माझ्या मते त्यांच्या आयुष्यातली कळीची गोष्ट हीच, आणि तिच्याकडे भक्तांपेक्षा धंदेवाल्यांनी अधिक बारकाईने पाहायला हवे.

एका माणसाच्या हाताचे काम दहा माणसांनी करायचे ठरले की पहिला घोटाळा होतो तो सारखेपणाचा. उस्ताद स्वतः मोटार गुंडाळतो तेव्हा ती तीन उन्हाळे चालते, त्याचा पोरगा गुंडाळतो ती पोळ्याला जळते. नाव एकच, काम दोन तऱ्हांचे. महाराजांनी मंडळाच्या शाखांना जे दिले ते अगदी मोजके होते. सकाळी सामुदायिक ध्यान, सायंकाळी सामुदायिक प्रार्थना, तिचा ठरलेला क्रम आणि ठरलेली शिस्त. डोक्यावर भगवी टोपी. भेटल्यावर जय गुरुदेव. आणि हातात काम, म्हणजे गाव झाडणे, विहीर उपसणे, व्यायामशाळा, वाचनालय, भांडण मिटवणे. यवतमाळकडच्या खेड्यातला माणूस भंडाऱ्याकडच्या खेड्यात गेला तरी सायंकाळी त्याला तीच प्रार्थना त्याच रीतीने ऐकू येई. भगवी टोपीवाला दारात आला की हा वर्गणी मागायला आलेला नसून झाडू मारायला आलेला आहे, हे बाईमाणसांनाही उमगे. गणवेशाचा अर्थ याहून निराळा काय असतो? टोपीने काम चांगले होत नाही. काम चांगले होत राहिले म्हणजे टोपीला अर्थ येतो. तो एकदा आला की टोपी घालणाऱ्यावर ओझे येते. टोपी घालून दारूच्या गुत्त्यावर जाता येत नाही.

याहूनही मला महत्त्वाचे वाटते ते प्रार्थनेतले अधिष्ठान. प्रार्थनेच्या जागी समोर मूर्ती नाही, तसबीर नाही. एक आसन मांडलेले असते आणि ते रिकामे असते. ज्याला जो देव, जो गुरू मानायचा असेल त्याने तो तेथे मानावा. हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती, बौद्ध, कोणालाही तेथे बसता यावे म्हणून ही योजना. तिचा आणखीही एक परिणाम झाला. महाराज हयात असताना, त्यांच्या नावाचा डंका चहूकडे वाजत असताना, त्यांच्याच मंडळाच्या हजारो प्रार्थनांत मध्यभागी त्यांचा चेहरा नव्हता. मंडळाचे नावही तुकडोजी सेवामंडळ नव्हते, गुरुदेव सेवामंडळ होते.

छोट्या धंद्याचे सर्वांत मोठे दुखणे हेच असते की धंदा म्हणजे एक माणूस. तो आजारी पडला की शटर खाली. तो गेला की मुलगा आठवडाभर पाटीखाली बसतो, मग शहरात नोकरीला जातो. नाव माणसावर बांधलेले असते, कामाच्या रीतीवर बांधलेले नसते. महाराजांनी आपले नाव रीतीवर बांधले.

ग्रामगीता आणि गावचा माल

१९५५ मध्ये ग्रामगीता प्रसिद्ध झाली. एकेचाळीस अध्याय, साडेचार हजारांहून अधिक ओव्या, आणि अर्पण केली आहे ती ग्रामदेवतेला. सुदामदादा सावरकरांसारख्या सहकाऱ्याने तिच्या संपादनाला हात लावला. विषयांची यादी पाहिली तरी हा ग्रंथ निराळा आहे हे कळते. ग्रामशुद्धी, ग्रामआरोग्य, गोवंशसुधार, श्रमसंपत्ती, गरिबी-श्रीमंती, महिलोन्नती, यात्रा-मेळे. वेषवैभव नावाचा अध्याय आहे आणि प्रचारमहिमा नावाचाही.

गावात तयार होणारा माल गावाने आधी घ्यावा, श्रम करणाऱ्याला श्रमाचा पुरा मोबदला आणि पुरा मान मिळावा, कोणताही उद्योग हलका समजू नये, हे त्यातले सूत्र. गांधीविचारात ते आहेच. पण महाराजांचा रोख कारागिराकडेही तितकाच आहे. गावाने तुझा माल घ्यावा असे वाटत असेल तर तो घेण्यासारखा कर, असे ते त्यालाही बजावतात. वेषाबद्दल बोलताना ते स्वच्छता आणि साधेपणा मागतात, थाटमाट मागत नाहीत. प्रचाराबद्दल बोलताना सांगणाऱ्याचे वागणे आधी तपासायला लावतात. भाषणबाज प्रचारकाबद्दल त्यांना भारी संशय होता. प्रचार हा शब्द आज आपण जाहिरात याच अर्थाने वापरतो, म्हणून हा अध्याय पाटी रंगवायला देण्यापूर्वी वाचावा असे मी सुचवीन.

गुरुकुंजात हे नुसते ओव्यांत राहिले नाही. तेथे आयुर्वेदाची रसशाळा उभी राहिली, दवाखाना आला, शिक्षणसंस्था आल्या. औषध ही अशी चीज आहे की बाटलीत काय आहे ते घेणाऱ्याला दिसत नाही. तो बाटलीवरचे नाव गिळतो. आश्रमाचे नाव औषधाच्या बाटलीवर घालणे म्हणजे आश्रमाची सारी पुण्याई त्या बाटलीच्या बुचाशी गहाण टाकणे. ती जबाबदारी घेतली गेली, यावरून या माणसांना धर्म आणि धंदा यांत आडकाठी वाटत नव्हती हे दिसते. लबाडी मात्र त्यांना दोन्हीकडे सारखीच वर्ज्य होती.

तीच खंजिरी

पुढची वर्षे धावती सांगितली तरी चालतील, कारण मोठेपणाची वर्णने सर्वांनी वाचलेली आहेत. १९५५ मध्ये जपानला विश्वधर्म आणि विश्वशांती परिषद भरली, तिला महाराज गेले आणि परदेशी धर्मपंडितांच्या मेळ्यात त्यांनी खंजिरी वाजवली. १९५६ मध्ये भारत साधुसमाज स्थापन झाला, त्याचे ते पहिले अध्यक्ष झाले. राष्ट्रपती भवनात भजन झाले. १९६२ आणि १९६५ च्या युद्धांत ते जवानांसाठी सीमेकडे गेले. भूदान, भूकंप, दुष्काळ, जेथे हाक आली तेथे पोचले.

या सगळ्यात ध्यानात ठेवण्यासारखी गोष्ट एकच. यावलीच्या पोराने जी खंजिरी उचलली तीच राष्ट्रपती भवनात गेली, तीच जपानला गेली. मोठ्या जागी गेलो म्हणून मोठे वाद्य घ्यावे असे त्यांना वाटले नाही. मुद्रा तुकड्याचीच राहिली. भाषा खेड्यातल्या माणसाला कळेल अशीच राहिली. चाळीस वर्षे माणूस एकाच रीतीने दिसला, एकाच रीतीने बोलला, आणि जे बोलला त्याच्याशी ताडून पाहता येईल असाच वागला. नावाची पत म्हणतात ती या साठलेल्या वर्षांची असते.

११ ऑक्टोबर १९६८ रोजी कर्करोगाने त्यांचे गुरुकुंजात निधन झाले. वय साठही नव्हते. आजही पुण्यतिथीला मोझरीत लाखोंची गर्दी जमते आणि दुपारी बरोबर ४ वाजून ५८ मिनिटांनी मौन श्रद्धांजली होते. टपाल खात्याने १९९५ मध्ये त्यांच्यावर तिकीट काढले, २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. तीन-चार इयत्ता शिकलेल्या माणसाचे नाव आता पदव्युत्तरांच्या प्रमाणपत्रावर छापले जाते.

उसनी पत आणि स्वतःची

पुन्हा बाजारातल्या त्या पाटीकडे येऊ. माझी नोकरी बँकेत गेली. छोट्या धंद्यांच्या कर्जाचे अर्ज मी पुष्कळ हाताळले. अर्जात यंत्राची किंमत भरायला रकाना होता, मालाच्या साठ्याला होता, जामीनदाराला होता. अर्जदाराच्या नावाला गावात काय भाव आहे यासाठी रकाना नव्हता. आणि तरीही कर्ज फिटेल की बुडेल हे बहुतेक वेळा त्याच एका गोष्टीवर ठरे. ज्या पंपदुरुस्तीवाल्याला लोक ऐन रब्बीत रात्री नऊला फोन करीत आणि तो टॉर्च घेऊन शेतावर जाई, त्याचा हप्ता चुकत नसे.

आता परिस्थिती पुष्कळ बदलली आहे. २०१५ पासून मुद्रा योजनेत तारणाशिवाय कर्ज मिळते. सप्टेंबर २०२३ मध्ये आलेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत अठरा पारंपरिक व्यवसाय आहेत आणि त्यांत सुतार, लोहार, कुंभार यांच्या जोडीला शिंपीही आहे. त्याला प्रमाणपत्र मिळते, ओळखपत्र मिळते, पाच टक्के व्याजाने कर्ज मिळते, आणि मालाची प्रत, नाव व विक्री यांसाठी मदत करण्याचे कलमही त्या योजनेत आहे. बंडोजींच्या धंद्याला सरकारदरबारी ओळखपत्र मिळाले, याचे अप्रूप वाटल्याशिवाय राहत नाही. तिकडे माणसाची पत आता तीन आकड्यांत मोजली जाते आणि बँकेच्या पडद्यावर क्षणात दिसते. फ्लेक्सचा फलक हजार-दोन हजारांत होतो, भेटकार्डे स्वस्त आहेत, मोबाइलवर धंद्याचे चित्र आणि नाव फुकट टाकता येते.

या सोयी वाईट नाहीत. वायरमनने स्वच्छ सदरा घालावा, त्यावर आपले नाव असावे, बिल छापील द्यावे, फोन उचलावा, येतो म्हटल्यावर यावे, येता येत नसेल तर तसे कळवावे. खेड्यातल्या गिऱ्हाइकालाही शहरातल्याइतकाच हा मान मिळाला पाहिजे. पण क्रम उलटा लागला की फसगत होते. फलक आधी, काम मागाहून. आणि काम फलकाच्या मानाने कमी पडले की फलकच साक्षीदार होऊन उभा राहतो. निनावी कारागिराची चूक गाव विसरते, नाव लावलेल्याची विसरत नाही.

संताचे नाव लावलेल्याची तर त्याहून नाही. गुरुदेव हे नाव पाटीवर घालायला मोझरीला परवाना काढावा लागत नाही, ते सर्वांचे आहे. म्हणूनच ते सहज वापरले जाते आणि म्हणूनच जपले जाण्याची हमी नाही. तेलात भेसळ करणारा, मोटारीत जुनी तार गुंडाळून नवीची किंमत लावणारा, हे त्या नावाखाली बसले तर गमावतात ते स्वतःचे काहीच नाही. गमावतो तो पलीकडच्या गल्लीत त्याच नावाची पाटी लावून इमानाने काम करणारा. उसनी पत ही सामाईक विहिरीसारखी असते. एकाने घाण केली की पाणी सगळ्यांचे जाते.

बँकेच्या भाषेत सांगायचे तर गुरुदेव हे नाव पाटीवर लावणे म्हणजे कर्ज उचलणे. मुद्दल महाराजांनी साठ वर्षांच्या आयुष्यात साठवलेले आहे. व्याज रोजच्या कामातून भरायचे असते. ज्या दिवशी गिऱ्हाईक पाटीवरचे नाव विसरून माणसाचे नाव सांगू लागते, अमक्याकडे जा, तो फसवणार नाही असे आपल्या सोयऱ्याला सांगते, त्या दिवशी ते कर्ज फिटले असे समजावे. यावलीच्या शिवणकाम करणाऱ्याच्या पोराने हेच केले होते. गुरूने दिलेले नाव त्याने घेतले ते रिकाम्या हाताने, आणि परत केले ते भरून.